लग्नाआधीचं आरोग्य प्रमाणपत्र: तपासणी हवी, पण कागद कुणाकडे?

प्रश्न असा आला आहे: पुतणीचं लग्न जवळपास ठरलं आहे, पण मुलाकडच्यांनी तिची ‘संपूर्ण मेडिकल’ मागितली आहे. द्यावी का? आणि सरकारनेच लग्नाआधी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं केलं, आनुवंशिक आजार असलेल्यांना लग्नाची परवानगीच दिली नाही, तर हे आजार दोन-तीन पिढ्यांत संपणार नाहीत का? जगात कुठे असं करून पाहिलं आहे का?

मी विदर्भात रक्ताच्या आजारांवर काम करतो. सिकलसेलचे (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आजार) आणि थॅलेसेमियाचे (शरीरात हिमोग्लोबिन पुरेसं तयार होत नाही तो आजार) रुग्ण तपासायचे आणि लग्नाआधी सल्ल्याला येणाऱ्या मुलामुलींशी बोलायचं, हे रोजचंच आहे. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो इतिहास कळल्याशिवाय पहिल्याचं उत्तर नीट देता येणार नाही.

हो, करून पाहिलं आहे. सव्वाशे वर्षांत अनेक देशांनी पाहिलं. लग्नाला बंदी घालून एकही आनुवंशिक आजार कुठे संपला नाही. जिथे आजारी मुलांचे जन्म खरोखर कमी झाले, तिथे बंदी नव्हती. हे दोन्ही अनुभव नोंदलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रान्सिस गाल्टन हा चार्ल्स डार्विनचा नात्याने भाऊ. १८८३ साली त्याने सुप्रजननशास्त्राला त्याचं इंग्रजी नाव दिलं. चांगल्या वंशाच्या लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, ‘हीन’ वंशाच्या लोकांनी कमी, असा त्याचा साधा मुद्दा होता. हा विचार गावगुंडांनी उचलला नाही. विद्यापीठांचे प्राध्यापक, न्यायाधीश, डॉक्टर, समाजसुधारक, डावे आणि उजवे, सगळ्यांनी तो उचलला. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण समाजाचं भलं करतोय अशी या लोकांची मनापासून खात्री होती.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १८९५ साली कायदा केला. मिरगीचे रुग्ण आणि ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तींना लग्न करायला मनाई झाली, आणि मोडल्यास किमान तीन वर्षं तुरुंगवास. मात्र बाईचं वय ४५ च्या आत असेल तरच ही मनाई. म्हणजे सोबत राहण्याला हरकत नव्हती, मूल होण्याला होती. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले.

विस्कॉन्सिनची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण प्रमाणपत्र सक्तीचं केलं की प्रत्यक्षात काय होतं ते तिथे स्वच्छ दिसतं. तिथला कायदा १९१३ साली झाला आणि १ जानेवारी १९१४ पासून लागू झाला. लग्नाचा परवाना हवा असेल तर पुरुषाने गुप्तरोग नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं. बाईला ते लागत नव्हतं. डॉक्टरांची फी कायद्यानेच जास्तीत जास्त तीन डॉलर ठरवून दिली होती, आणि सिफिलिससाठी रक्ताची जी वासरमान चाचणी लागायची तिचा खर्चच त्याहून कितीतरी जास्त होता. बऱ्याच डॉक्टरांनी प्रमाणपत्र द्यायला नकार दिला, आणि जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करून परत येऊ लागली. कायदा न्यायालयात टिकला, पण त्या कागदाचा अर्थ ‘डॉक्टरांनी वरवर पाहिलं’ इतकाच उरला.

पुढे १९८८ साली इलिनॉय राज्याने हीच चूक एचआयव्हीच्या बाबतीत पुन्हा केली. लग्नाच्या परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची तपासणी झाली आणि त्यात ८ जण बाधित निघाले. प्रत्येक बाधित व्यक्ती शोधायला सुमारे ३,१२,००० डॉलर खर्च आला. त्याच काळात राज्यातले लग्नाचे परवाने २२.५ टक्क्यांनी घटले, कारण लोक शेजारच्या राज्यांत जाऊन लग्नं करत होते. १९८९ साली कायदा रद्द झाला. ज्यांना खरोखर धोका होता त्यांच्यापर्यंत पोचायला हे पैसे वापरता आले असते, हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

लग्न रोखणं जमत नाही हे दिसल्यावर त्या काळचे लोक थांबले नाहीत. ते नसबंदीकडे वळले. इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. १९२७ साली व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी आहेत, असा राज्याचा दावा होता. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालपत्रात लिहिलं की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. आठ विरुद्ध एक मताने तिची नसबंदी मान्य झाली. आता खरी हकिकत ऐका. ज्या घरात कॅरीला सांभाळायला ठेवलं होतं, त्या घरच्या नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला होता आणि त्यातून ती गरोदर राहिली होती. घरच्यांनी तिला संस्थेत टाकून विषय मिटवला. तान्हेपणीच मंदबुद्धी ठरवलेली तिची मुलगी व्हिव्हियन पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारपणात वारली. कॅरीच्या ‘आनुवंशिक दोषा’ची नोंद करणाऱ्यांत डॉक्टर होते. आमच्या धंद्याचा हा कलंक आहे आणि तो शिकवताना मी लपवत नाही. अमेरिकेत अशा ६०,००० हून अधिक लोकांच्या नसबंद्या झाल्या, एकट्या कॅलिफोर्नियात सुमारे २०,०००.

जर्मनीने याच कायद्यांचा अभ्यास केला. जुलै १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच ‘आनुवंशिक रोगी संतती प्रतिबंधक’ कायदा आला. त्यात नऊ गोष्टी होत्या: जन्मजात मतिमंदत्व, स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसादाचा आजार, मिरगी, हंटिंग्टन हा मेंदूचा आजार, आनुवंशिक अंधत्व, बहिरेपण, तीव्र शारीरिक व्यंग आणि दारूचं व्यसन. आनुवंशिक आरोग्य न्यायालयं बसली. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. एकूण सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. डॉक्टरांवर अशा रुग्णांची माहिती कळवण्याची सक्ती होती. ज्या डॉक्टरांकडे रुग्ण विश्वासाने मिरगीचं औषध मागायला यायचा, तेच त्याचं नाव न्यायालयाला कळवायचे.

लग्नाचा कायदा १९३५ च्या ऑक्टोबरचा. ज्यूंशी लग्नाला बंदी घालणारे न्युरेंबर्ग कायदे त्याच वर्षी सप्टेंबरात झाले होते, आणि पुढच्याच महिन्यात ‘विवाह आरोग्य कायदा’ आला. संसर्गजन्य रोग, मानसिक आजार किंवा नसबंदीच्या यादीतला आनुवंशिक आजार असेल तर लग्न नाही. त्यासाठी आरोग्य कार्यालयाचं ‘विवाहयोग्यता प्रमाणपत्र’. दुसऱ्या हाताने आमिषही होतं. १९३३ पासून ‘योग्य’ ठरलेल्या जोडप्यांना १,००० मार्कांपर्यंत कर्ज मिळे, घरसामानाच्या कूपनांच्या रूपात, आणि प्रत्येक मुलामागे कर्जाचा चौथा हिस्सा माफ. पण त्यासाठीही आधी डॉक्टरांची तपासणी. १९३९ नंतर ‘जगायला अपात्र’ ठरवलेल्या रुग्णांना विषारी वायूने मारायला सुरुवात झाली. पहिल्या दोन वर्षांतच ७०,००० हून अधिक रुग्ण मारले गेले.

हे फक्त नाझींचं पाप होतं असं म्हणून सुटता येत नाही. स्वीडनने १९१५ साली मिरगीच्या आणि मनोरुग्णांच्या लग्नावर निर्बंध घातले, आणि १९३४ ते १९७५ या काळात तिथे सुमारे ६३,००० नसबंद्या झाल्या, बहुतेक बायकांच्या, त्यातल्या कितीतरी दबावाखाली. फ्रान्समध्ये लग्नाआधीचं वैद्यकीय प्रमाणपत्र नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने १९४२ साली आणलं आणि ते २००७ च्या कायद्याने गेलं. जपानचा सुप्रजनन कायदा १९४८ ते १९९६ असा चालला. सुमारे २५,००० लोकांच्या नसबंद्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा दाद मागणारे बरेच जण म्हातारे झाले होते, काही वारलेही होते. चीनने लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली आणि २००३ साली ती ऐच्छिक केली.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध बऱ्याच वाचकांना वाटतो त्याहून जवळचा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं. स्टोप्स कट्टर सुप्रजननवादी होत्या, इतक्या की पुढे मुलाने चष्मा लावणाऱ्या मुलीशी लग्न केलं तेव्हा, नातवंडांची नजर बिघडेल म्हणून त्यांनी विरोध केला आणि मुलाला मृत्युपत्रातून जवळजवळ वगळलं. त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत ही भाषा सगळीकडे होती, आपल्याकडेही. कादंबरीकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या ना. सी. फडक्यांनी १९२७ साली हिंदुस्थानात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी म्हणून इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्याला अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. कर्व्यांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, कारण त्यांचा खरा भर बाईच्या इच्छेवर होता आणि त्यासाठी त्यांनी नोकरी घालवली, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

बाबासाहेबांनीच दोन वर्षांनी या शास्त्राच्या आपल्याकडच्या सर्वांत लबाड वापरावर घाव घातला. जातीतल्या जातीत लग्न करणं म्हणजे रक्तशुद्धी, म्हणजे सुप्रजनन, असं जातिव्यवस्थेचे समर्थक तेव्हा सांगू लागले होते. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या १९३६ च्या भाषणात त्यांनी विचारलं: आजच्या शास्त्रज्ञांनाही न उमगलेलं आनुवंशिकतेचं ज्ञान आपल्या पूर्वजांना होतं असं समजायचं का? जातीने वंश सुधारला असता तर इथला समाज एवढा खुजा आणि अशक्त का? आणि एकत्र जेवल्याने कुणाचं रक्त कसं बिघडतं? वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसालाही यात एक अक्षर घालावंसं वाटत नाही.

इरावती कर्वे यांचीही आठवण इथे यायलाच हवी. र. धों.च्या त्या भावजय. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हे फिशर म्हणजे जर्मन वसाहतीतल्या मिश्र विवाहांची संतती मोजूनमापून त्या विवाहांना विरोध करणारे, पुढे नाझी धोरणाला शास्त्राचा मुलामा देणारे. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतर वंशांहून वेगळी असते आणि त्यांच्या बुद्धीचं मूळ तिथे आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा वांशिक फरक दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, गुरू स्वतः त्या मताचा, हातात पदवीचा प्रश्न, आणि विशीतली एक मराठी बाई हे लिहून देते. संशोधनाचा प्रामाणिकपणा म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

आपल्या कायद्यातही जुन्या खुणा होत्या. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने मिरगीचे वारंवार झटके येणं ही लग्नातली कायदेशीर अडचण ठरली. ती १९९९ साली काढली गेली. तोवर गोळ्या घेऊन वर्षानुवर्षं एकही झटका न आलेल्या मुलींना ‘लग्न रद्द करू’ म्हणून धमकावलं जायचं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्यात होतं, म्हणजे तो औषधाने पूर्ण बरा होतो हे कळल्यावर कित्येक दशकांनंतरही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्ही बाधिताचा लग्नाचा हक्क स्थगित असतो असं म्हटलं, आणि २००२ साली ते मत अनावश्यक होतं असं सांगून मागे घेतलं. आणि १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण सांगितलं गेलं मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करायला मनाई केली आहे.

आता ‘दोन-तीन पिढ्यांत आजार संपेल’ या हिशेबाकडे येऊ. हा हिशेब चुकीचा आहे हे १९१७ सालीच माहीत होतं. इंग्लंडमधले आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट यांनी तो मांडला. समजा एखादा अप्रभावी आजार शंभरात एकाला आहे. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. तर त्या समाजात एका बाजूने जनुक असलेले, स्वतः ठणठणीत असे वाहक शंभरात अठरा असतात. तुम्ही प्रत्येक रुग्णाला मूल होऊ दिलं नाही तरी जनुक या अठरा जणांत सुखरूप राहतं. आजाराचं प्रमाण शंभरात एकवरून हजारात एकवर यायला २२ पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर साडेपाचशे वर्षं. दहा हजारांत एकवर यायला ९० पिढ्या. आजार जितका दुर्मीळ होत जातो तितकं जनुक जास्त लपतं. हे आकडे हाताशी असताना कॅरी बकचा निकाल लागला आणि जर्मनीची न्यायालयं बसली.

मग वाहकांनाच रोखायचं का? गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या जंगलपट्ट्यात सिकलसेलचं जनुक एवढं का आहे, ते पाहा. एका बाजूने हे जनुक असलेल्या मुलाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. ज्या डासांच्या प्रदेशात औषध नव्हतं तिथे या जनुकाने पिढ्यान्‌पिढ्या लेकरं जगवली. त्याला सरसकट ‘दोष’ म्हणताना मी अडखळतो. आणि वेगवेगळे आजार मोजले तर आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकजण कशाचा ना कशाचा वाहक आहे.

सिकलसेलच्या बाबतीत मोठमोठ्या लोकांचा तोल गेला आहे. या आजारात हिमोग्लोबिनच बदललेलं असतं हे १९४९ साली दाखवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली लिहिलं की प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर तसं गोंदवावं, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल मिळवलेला माणूस, शांततेसाठी लढलेला, आणि हा सल्ला.

कपाळावर न गोंदवता तसंच काहीसं एका गावात झालं. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सुमारे २३ टक्के लोक सिकलसेलचे वाहक होते. १९६० च्या दशकात सगळ्यांची तपासणी झाली, प्रत्येकाला निकाल सांगितला, वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असं समजावलं. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा काय दिसलं? वाहकांवर शिक्का बसला होता, लोक निकाल लपवत होते, ठरलेली लग्नं मोडत होती, आणि दोन वाहकांची लग्नं जेवढी तपासणीशिवाय आपोआप झाली असती जवळपास तेवढीच झाली होती. म्हणजे दुःख वाढलं आणि आजार होता तिथेच राहिला.

सायप्रसमध्ये उलट झालं, म्हणून तो देश समजून घ्यायला हवा. तिथे साधारण सात माणसांत एक थॅलेसेमियाचा वाहक. १९८० च्या दशकात चर्चने लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या कागदावर इतकंच लिहिलेलं असतं की या दोघांची तपासणी झाली आहे आणि त्यांना सल्ला मिळाला आहे. निकाल काय, ते पाद्रीला कळत नाही. दोघंही वाहक असले तरी लग्न लागतं. बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच, आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय स्वतः घेतला. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार, असलेल्या मुलांचे जन्म काही वर्षांत जवळजवळ शून्यावर आले. त्याच देशात असलेल्या रुग्णांना रक्त आणि औषधं सरकारकडून मोफत मिळत राहिली. रुग्णांची काळजी आणि तपासणी तिथे एकत्र चालली, म्हणून लोकांचा विश्वास बसला, असं माझं मत आहे.

आता माझ्या खोलीतलं सांगतो. आपल्याकडे सिकलसेल तपासणीनंतर कार्ड मिळतं: निरोगी असेल तर पांढरं, वाहक असेल तर पिवळं, रुग्ण असेल तर लाल. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे, त्यामुळे कार्डं आणखी वाढतील. ‘पत्रिका जुळवण्याआधी कार्ड जुळवा’ असा प्रचार होतो. हेतू चांगला आहे. पण गावात काय घडतं? आशाताई तपासणीला बोलावतात, शाळा-आश्रमशाळेतल्या मुलींचं रक्त घेतलं जातं, कार्डं वाटली जातात, आणि कुणाच्या मुलीला पिवळं मिळालं हे संध्याकाळपर्यंत टोल्यात सगळ्यांना माहीत. पिवळं कार्ड हा मुलीच्या पत्रिकेतला नवा मंगळ होतो. मुलाचं कार्ड कुणी मागत नाही. एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी बाहेर बाकावर बसली आणि आई आत येऊन हळूच म्हणाली, “साहेब, काही खर्च लागला तर देतो, पण हे बदलून पांढरं द्या न.” तिला मी समजावलं की तुमची मुलगी आजारी नाही, तिला हा आजार कधी होणारही नाही, फक्त तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासा. ती म्हणाली, “ते आम्ही मुलाकडच्यांना कसं सांगावं जी?” तिचं खरं होतं.

म्हणून माझ्याकडे नियम असा आहे की निकाल मी फक्त ज्याचा त्याला सांगतो. लग्न ठरलेलं असेल तर दोघांना एकत्र बोलावतो, घरच्यांना बाहेर बसवतो. टेबलावर दोन वाट्या ठेवतो, प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरा मणी. न बघता दोघांनी एकेक मणी उचलायचा. दोन्ही लाल आले तर बाळ रुग्ण, दोन्ही पांढरे तर निरोगी, एक-एक आला तर त्यांच्यासारखं वाहक. मग मणी परत वाटीत टाकायला लावतो आणि पुन्हा उचलायला सांगतो. हे दुसऱ्यांदा उचलणं फार गरजेचं आहे. ‘चारात एक’ असं नुसतं सांगितलं तर लोक समजतात की पहिलं बाळ आजारी झालं म्हणजे पुढची तीन ठीक. खरं तर प्रत्येक गरोदरपणात पुन्हा तेच २५ टक्के. दोनदा-तीनदा मणी उचलले की हे डोळ्यांना दिसतं, आणि नवरा-नवरी आपसात बोलायला लागतात. तिथून पुढे मी गप्प बसतो. लग्न मोडायचं, लग्न करून गरोदरपणाच्या दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करायची, मूल दत्तक घ्यायचं, की जे होईल ते स्वीकारायचं, हे त्यांनी ठरवायचं. काहींनी लग्न मोडलं, बऱ्याच जणांनी केलं. आजार असलेलं मूल झालं तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, लसी आणि वेळेवर उपचार यांनी आज त्याचं आयुष्य पूर्वीपेक्षा खूप बरं जातं, हेही सांगतो. लाल कार्ड असलेला रुग्ण त्याच ओळीत बाहेर बसलेला असतो. त्याच्यासमोर ‘असं मूल जन्माला येऊच नये’ अशी भाषा मला वापरता येत नाही, आणि सरकारी फलकांवरही ती नसावी असं मला वाटतं.

तुमच्या पुतणीबद्दल. ‘संपूर्ण मेडिकल’ देऊ नका. तिचे जुने आजार, पाळीच्या तक्रारी, मानसिक उपचार, हे कुणाच्या घरच्यांनी मागावं असं काही नाही. एचआयव्हीची चाचणी तर व्यक्तीला नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय करणं २०१७ च्या कायद्याने मना आहे. मुलाकडच्यांना एवढंच सांगा की दोघांची तपासणी करू, एकाच दिवशी, आणि अहवाल दोघांना मिळतील. ते एकमेकांना दाखवायचे की नाही ते दोघं बघतील. फक्त मुलीचीच तपासणी हवी असं ते म्हणाले, तर पुतणीने एकदा मुलाशी स्वतः बोलून घ्यावं. त्याच्या उत्तरातून तिला बरंच कळेल.

काय तपासायचं? दोघांचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी). यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींचे वाहक कळतात. विदर्भ, खानदेश, मेळघाट इथली कुटुंबं असतील तर सिकलसेलसाठी, आणि सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबं असतील तर थॅलेसेमियासाठी ही तपासणी टाळूच नका. एकजण सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एकच जण वाहक असेल तर मूल रुग्ण होणार नाही, काळजी सोडा. रक्तगट एकच असला तर लग्न करू नये, हा निव्वळ गैरसमज आहे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर डॉक्टर सांगतील तसं अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं, बस. मामेभाऊ-आतेबहिणीचं लग्न असेल किंवा घराण्यात कुणाला लहानपणापासूनचा गंभीर आजार असेल, तर आनुवंशिक सल्लागाराकडे एकदा जाऊन या.

अहवाल वाचताना एक सांभाळा. अंगात लोह खूप कमी असेल तर थॅलेसेमियाचा वाहकही एचपीएलसीत निरोगी दिसू शकतो, आणि आपल्याकडच्या तरुण मुलींत लोहाची कमतरता फारच असते. सीबीसीत पेशी लहान दिसत असतील तर आधी लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा आणि मग एचपीएलसी पुन्हा करा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर तेवढे दिवस थांबूनच तपासा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कार्ड हातात मिळालं की ते पुतणीनेच ठेवावं.